ठिगळाची लाज

फाटलेलें वस्त्र शिवून वापरावें, हें सांगण्यासाठीं वार्षिकाचीं पानें खर्चीं घालण्याची गरज आमच्या आजोबांच्या काळीं कोणास भासली नसती. आज ती भासते, आणि तीही एका चमत्कारिक कारणानें. आपल्या घरांतून हद्दपार झालेलें ठिगळ आतां परदेशी नांव धारण करून मोठ्या मानानें परत येत आहे. जपानांतील ‘साशिको’ व ‘बोरो’ हे शब्द आमच्या वरच्या वर्गांतील मुलींच्या तोंडीं खेळूं लागले आहेत. निळ्या कापडावरील पांढऱ्या टांक्यांचीं चित्रें त्या मोबाइलवर पाहतात, एकमेकींस दाखवितात, आणि शिवणाच्या तासाला हेंच शिकवा म्हणून आग्रह धरतात. तें शिकवावें असेंच आमचें मत आहे. मात्र तें कोणी आधीं शिकावें, कशासाठीं शिकावें आणि शिकल्यावर त्याचें काय करावें, याविषयीं आमचे विचार थोडे निराळे आहेत; ते पालकांपुढें व विद्यार्थ्यांपुढें मांडण्याची ही संधि आम्ही साधीत आहों.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहूं. ‘साशिको’ म्हणजे बारीक बारीक टोंचे. आपल्याकडे ज्यास धांवदोरा म्हणतात तोच हा टांका. कापडाचे दोन-तीन थर एकत्र धरून त्यांतून सुई खालींवर नेत जावयाची, एवढेंच त्याचें मूळ रूप. ‘बोरो’ हा शब्द ‘बोरोबोरो’ या शब्दापासून आला. त्याचा अर्थ जीर्ण, चिंध्या झालेलें, लक्तरें लोंबत असलेलें. म्हणजे पहिला शब्द कामाचा आहे आणि दुसरा हिणवण्याचा आहे. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावरच उभें आहे.

साशिकोचें काम जपानांत पुष्कळ ठिकाणीं होत असे. एदो शहरांत, म्हणजे आजच्या तोकियोंत, आग विझविणारे लोक जाड साशिकोचे अंगरखे पाण्यांत भिजवून अंगावर घालीत व मग आगींत शिरत. परंतु या टांक्याची खरी कसोटी लागली ती उत्तरेस. होन्शू या मुख्य बेटाच्या अगदीं उत्तर टोकास आओमोरी नांवाचा प्रांत आहे. त्याच्या पश्चिम भागास त्सुगारु व पूर्व भागास नांबु म्हणत. तेथील हिवाळा लांब, आणि बर्फ पडतें तें घरें अर्धीं बुडविणारें. कापसाचें झाड त्या थंडींत तग धरीत नाहीं. शेतकऱ्यानें लावावयाचें तें भांगेच्या जातीचें झाड. त्याच्या सालीचा वाख काढावयाचा, तो वळून त्याचें सूत करावयाचें, तें विणावयाचें आणि निळींत बुडवावयाचें. हें कापड उन्हाळ्यांत सुखाचें खरें. परंतु विरळ विणीचें असल्यामुळें हिवाळ्याचा वारा त्यांतून आरपार जाई. त्यांतच १७२४ सालीं त्सुगारुच्या दरबारानें काटकसरीचें फर्मान काढलें, आणि शेतकऱ्यांनीं सुती कपडा न घालतां वाखाचाच घालावा असें ठरवून दिलें. निसर्गानें कापूस दिला नाहीं आणि सरकारनें तो घेऊं दिला नाहीं, अशा कात्रींत तेथील बायका सांपडल्या. त्यांनीं वाखाच्या विणींतल्या रिकाम्या जागा दोऱ्यानें भरून काढण्यास आरंभ केला. प्रथम वाखाच्याच दोऱ्यानें, आणि पुढें हातीं लागेल तसतशी सुताच्या. वारा अडला, कापड जाड झालें, खांद्यावर ओझें वाहतांना तें लवकर झिजेनासें झालें. नक्षी दिसूं लागली ती या उद्योगाच्या पोटीं.

त्सुगारुंतील या भरण्यास ‘कोगिन’ म्हणतात, आणि त्याचें सगळें रहस्य मोजणींत आहे. कापडावर आधीं रेघ आंखीत नाहींत कीं ठसा मारीत नाहींत. सुई आडव्या धाग्याच्या दिशेनें चालते आणि उभे धागे मोजीत जाते: एक, तीन, पांच, सात, संख्या नेहमीं विषम. ओळीमागून ओळ अशी भरत गेली कीं शंकरपाळ्यासारखी आकृति उमटते. शेजारच्या नांबु भागांत ‘हिशिझाशी’ नांवाचें असेंच काम होतें, परंतु तेथें धागे सम संख्येनें मोजतात, आणि तेवढ्याच फरकानें शंकरपाळा आडवा लांबट होतो. कोगिनच्या लहान आकृतींचीं नांवेंही घरांतलीं व परसांतलींच आहेत: मांजराचा डोळा, भोपळा, शेंगेंतला दाणा, फूल. गणिताच्या तासाला सम-विषमाचा कंटाळा करणाऱ्या आमच्या मित्रांनीं या बायकांकडे पाहावें. त्यांची पाटी म्हणजे मांडीवरचें कापड, आणि एक धागा चुकला तर चूक पुढच्या प्रत्येक ओळींत दिसावयाची.

१८९१ सालीं तोकियोपासून आओमोरीपर्यंतचा लोहमार्ग पुरा झाला व सूत तेथें सहज मिळूं लागलें. दोनच वर्षांनीं, १८९३ त, मुंबई व कोबे यांमध्यें जपानी जहाजांची नियमित फेरी सुरू झाली. तींत जमशेटजी टाटा यांचा पुढाकार होता, आणि जपानच्या गिरण्यांस आपला कापूस त्या वाटेनें मोठ्या प्रमाणावर जाऊं लागला. त्सुगारुच्या एखाद्या सुईंत वऱ्हाडांतल्या किंवा खानदेशांतल्या कापसाचा धागा ओंवला गेला असेल, तर आम्हांस नवल वाटणार नाहीं. गंमत अशी कीं, सूत मुबलक झाल्यानें कोगिन प्रथम फुललें, आणि त्याच कारणानें थोड्या वर्षांत मावळलें. उबदार कापड दुकानांत मिळूं लागल्यावर धागे मोजीत कोण बसतो? साध्या कारागिरांच्या वस्तूंचें सौंदर्य जगास सांगणारे यानागि सोएत्सु (१८८९–१९६१) यांनीं कोगिनची वाखाणणी केली, तेव्हां तें बहुतांशीं जुन्या पेट्यांच्या तळाशीं जाऊन पडलें होतें.

ज्या घरांत कोगिनपुरतेंही सूत नव्हतें तेथें चिंध्यांवर निर्वाह चाले. ओसाकाच्या बाजूनें उत्तरेस जाणारीं व्यापारी जहाजें इतर मालाबरोबर जुने सुती कपडे व त्यांचे तुकडेही आणीत. दक्षिणेंतल्या शहरांनीं टाकलेला कपडा उत्तरेंत विकत घ्यावयाची वस्तु होती. तळहाताएवढा तुकडाही केरांत जात नसे. तो ठिगळास उपयोगीं पडे. नाहींतर त्याच्या पट्ट्या फाडून त्यांचाच बाणा करून पुन्हा नवें जाड कापड विणीत, त्यास ‘साकिओरी’ म्हणत. ठिगळावर ठिगळ चढे, आईच्या टांक्यांवर मुलीचे टांके पडत, आणि मूळचें कापड कोणतें होतें हें सांगतां येऊं नये अशी स्थिति होई. ‘दोंजा’ नांवाचें, अंगरख्याच्या आकाराचें पण पांघरावयाचें, अतिशय जड असें वस्त्र असे. त्याखालीं घरांतील माणसें एकत्र निजत. ‘बोदो’ नांवाची चिंध्यांची चादर बाळंतिणीखालीं अंथरीत. तींत मागच्या पिढ्यांच्या कपड्यांचे तुकडे असत, आणि नवें मूल जन्मास येई तें आपल्या पूर्वजांच्या वस्त्रांवर. हें वाचतांना कित्येकांस आजीची गोधडी आठवेल. आठवूं द्यावी. टांकाही तोच आहे आणि हेतुही तोच.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपान सधन होऊं लागला, तेव्हां हीं वस्त्रें घराण्याची लाज ठरलीं. पुष्कळ जाळलीं गेलीं, पुष्कळ फेकलीं गेलीं. तानाका चुझाबुरो (१९३३–२०१३) नांवाचे आओमोरीचे एक अभ्यासक खेड्यापाड्यांतून हिंडून तीं गोळा करूं लागले, तेव्हां अनेक घरांत तीं दाखविण्यासही माणसें संकोचत. त्यांच्या संग्रहांतील त्सुगारु व नांबु येथील ७८६ साशिको वस्त्रांस जपान सरकारनें १९८३ सालीं महत्त्वाचा लोकसांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली. २००९ पासून २०१९ पर्यंत तोकियोच्या आसाकुसा भागांतील एका संग्रहालयांत त्यांचीं बोरो लोकांस पाहावयास मिळत. आज जुनें बोरो संग्राहक मोठी किंमत देऊन घेतात. आणि नव्या कापडास मुद्दाम झिजवून, भोंकें पाडून, वर ठिगळें लावून तसेंच दिसणारें वस्त्र बनविणारेही निघाले आहेत. ज्या घरांनीं लाजेनें जाळलें त्यांच्या नातवंडांस हें पाहून काय वाटत असेल, कोण जाणे.

या कौतुकाबरोबर एक तत्त्वज्ञानही येतें. जपानी मनुष्य दोष लपवीत नाहीं, तो अपूर्णतेंत सौंदर्य पाहतो, म्हणून त्याचें ठिगळ उघड असतें, असें वारंवार लिहिलें जातें. आम्हांस हें बोलणें अर्धवट वाटतें. त्याच जपानांत ‘काकेत्सुगि’ नांवाची, आपल्या रफूसारखी, विद्या आहे. त्याच कापडाचे धागे घेऊन ती छिद्र असें बुजविते कीं पाहणाऱ्यास पत्ता लागूं नये. ज्यास ती परवडली त्यानें ती करून घेतली. त्सुगारुच्या शेतकरणीचें ठिगळ दिसे, कारण न दिसणारें ठिगळ लावण्यास लागणारें तसेंच कापड, सवड आणि पैसा तिच्यापाशीं नव्हता. तत्त्वज्ञान मागाहून इतरांनीं चिकटविलें. तिच्या कामांत सौंदर्य नाहीं असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. तें आहे, आणि तें सरळ ओळींतून, सारख्या अंतरांतून व पुन्हा पुन्हा घेतलेल्या काळजींतून आलें आहे. परंतु तिच्या थंडीचें सौंदर्य करूं नये. थंडी ही थंडीच होती.

हें सगळें लांबच्या देशाचें झालें. आतां जवळचें सांगतों. आमच्या वर्गांत एक मुलगा पाठीवरचें दप्तर तासाला बसल्यावरही उतरवीत नसे. पुष्कळ दिवसांनीं कारण कळलें: सदऱ्याच्या पाठीवर ठिगळ होतें. तें त्याच्या आईनें इतकें बेतशीर लावलें होतें कीं शिवणशिक्षिकेनें वाखाणावें. त्याच आठवड्यांत वर्गाची सहल निघाली, आणि दुसरा एक मुलगा गुडघ्यावर फाटलेली जीनची विजार घालून आला. ती दुकानांतूनच तशी फाटलेली, भारी किंमत देऊन आणलेली होती. एकानें पैसे देऊन फाटकें घेतलें होतें, दुसऱ्याच्या आईनें रात्रीं जागून फाटलेलें बुजविलें होतें. लाज मात्र दुसऱ्यास वाटत होती.

अशा मुलास ‘बाळ, ठिगळ ही कला आहे, जपानांत तिचीं संग्रहालयें आहेत, तूं अभिमान धर’ असें सांगणें हा उपदेशाचा स्वस्त प्रकार होय. ज्याच्या पेटींत दुसरा सदरा आहे त्यास ठिगळ मिरविणें सोपें असतें, कारण तो मनांत येईल तेव्हां तें उतरवूं शकतो. ज्याच्यापाशीं एकच सदरा आहे त्यास ती मुभा नाहीं. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, साशिको प्रथम शिकावें तें ज्यांस त्याची गरज नाहीं अशा मुलांनीं. आणि शिकून त्याची चौकट भिंतीवर न टांगतां, तो दुरुस्त केलेला कपडा अंगावर घालून शाळेंत यावें. वर्गांतील चार सुखवस्तु मुलांच्या कोपरांवर ठिगळें दिसूं लागलीं कीं पांचव्याच्या ठिगळाकडे कोणी पाहणार नाहीं. त्यास अभिमानाची गरज नाहीं. त्याच्याकडे कोणी न पाहण्याची आहे.

याच अनुषंगानें गणवेशाविषयींही आमचें मत स्पष्ट सांगतों. स्वच्छ धुतलेला व नीट दुरुस्त केलेला गणवेश हा पुरा गणवेश समजला जावा, आणि केवळ ठिगळ आहे म्हणून कोणत्याही मुलास प्रार्थनेच्या रांगेंतून बाजूस काढूं नये. ठिगळ त्याच रंगाच्या दोऱ्यानें लावावें कीं निराळ्या, हें ज्याचें त्यानें ठरवावें. कलेच्या नांवाखालीं एखाद्याच्या गरिबीभोंवतीं पांढऱ्या दोऱ्यानें रेघ ओढणें आम्हांस मान्य नाहीं.

कांहीं पालक म्हणतील, नवा सदरा आतां इतका स्वस्त मिळतो कीं दुरुस्तींत वेळ कां दवडावा? दुकानांतली किंमत स्वस्त आहे हें खरें. परंतु एका साध्या सुती बनियनवजा सदऱ्यामागें, कापूस पिकविण्यापासून धरून, सुमारें २,७०० लिटर पाणी लागतें असा जाणत्यांचा अंदाज आहे. तें पाणी कोणाच्या तरी शेतांतलें असतें, आणि आमच्या पालकवर्गांत कापूस पिकविणारे कांहीं थोडे नाहींत.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. मुलांची घाई नक्षीची असते. ती आवरली पाहिजे. पहिलें काम सुईचें नसून पाण्याचें आहे. ठिगळाचें कापड आधीं चांगलें धुऊन, आटवून, वाळवून घ्यावें. कोऱ्या कापडाचें ठिगळ जुन्या वस्त्रास लाविलें तर पहिल्याच धुण्यांत तें आकसतें आणि भोंवतालचें जीर्ण कापड ओढून भोंक मोठें करतें. मत्तय व मार्क यांच्या शुभवर्तमानांतील दृष्टांतांत हीच गोष्ट आहे. त्यावर प्रवचनें पुष्कळ होतात. पण तो मुळांत शिवणाऱ्याचा रोजचा अनुभव आहे, हें ठिगळ लाविल्यावांचून कळत नाहीं. ठिगळ मूळ कापडापेक्षां जाड नसावें, आणि त्याचा उभा धागा कापडाच्या उभ्या धाग्याशीं जुळवावा. तिरकें बसलेलें ठिगळ अंगावर कधीं स्वस्थ बसत नाहीं. तें भोंकाच्या चहूंबाजूंनीं निदान दोन बोटें मोठें असावें, आणि टांके ठिगळाच्या कांठावर न थांबतां पुढच्या धड कापडांत शिरावेत, कारण पुढची फाट बहुधा त्या कांठापासूनच सुरू होते.

दोरा सुती, मऊ व फार पीळ नसलेला घ्यावा. हातभर लांब पुरे. त्यास गांठ मारूं नये. गांठ टोंचते, शिवाय विरळ कापडांतून निसटते. त्याऐवजीं आरंभीं चार टांके उलट दिशेनें घालून मग त्यांवरूनच परत यावें, म्हणजे दोरा आपोआप पक्का होतो. जपानी रीतींत सुई फारशी हलत नाहीं. ती लांब असते, तिचें बूड मधल्या बोटाच्या मुळाशीं बांधलेल्या अंगुस्तानाच्या चकतीस टेकलेलें असतें, आणि दोन्ही हात कापडच खालींवर हलवून सुईवर चुण्या चढवीत जातात. सुई भरली कीं दोरा एकदम ओढावयाचा. मग येते ती सर्वांत महत्त्वाची आणि नवशिक्यांनीं हटकून टाळलेली क्रिया: टांक्यांची ओळ अंगठा व बोट यांमध्यें धरून हलक्या हातानें पुढें सारीत नेणें, म्हणजे चुण्या उलगडतात व दोरा कापडांत सैल बसतो. ती न केल्यास ठिगळ बोचक्यासारखें गोळा होतें. ओळ वळते तेथें मागच्या बाजूस दोऱ्याचा लहानसा फांस सैल सोडावा. टांका तांदुळाच्या दाण्याएवढा. वर दिसणारा थोडा लांब व खालचा थोडा आंखूड, साधारण तीनास दोन या प्रमाणांत. असे सरळ, समांतर टांके पांच-सहा ओळी साधले कीं मग फुली, समुद्राच्या लाटा किंवा वाखाच्या झाडाचें पान या आकृतींकडे वळावें. हें पान जपानी आया तान्ह्या मुलांच्या कपड्यांवर काढीत. तें झाड भराभर व सरळ वाढतें, तसें मूल वाढावें म्हणून.

हा तास मुलग्यांनाही असावा, हें वेगळें सांगावें लागूं नये. आपल्या बाजारपेठांतून बसणारे रफूगर व शिंपी बहुतेक पुरुषच आहेत; त्यांच्या हातीं सुई शोभते, तर आठवीच्या मुलाच्या हातीं ती कां शोभूं नये, हें आम्हांस उमगलेलें नाहीं.

एक शंका उरते: दुरुस्त केलेलें पुन्हा फाटेल, मळेल, त्याचें काय? त्सुगारुंत पांढरें कोगिन जुनें होऊन विटलें कीं त्याच टांक्यांवर दुसऱ्यांदा टांके भरीत, आणि कित्येकदां सगळें वस्त्र पुन्हा निळींत बुडवीत. पांढरी नक्षी निळ्यांत निळी होऊन जाई, जवळून पाहिली तरच दिसे, आणि मग तें वस्त्र घरांतील वडीलधारीं माणसें वापरीत. शिवणाच्या तासाला निळीची सोय करणें आम्हांस तूर्त जमणार नाहीं. सुई व दोरा मिळेल. मुलांनीं येतांना घरांतला एखादा फाटलेला सदरा व त्याच जातीच्या जुन्या कापडाचा तुकडा, दोन्ही धुऊन आणावींत. नवें कापड आणूं नये.